गॅलापागोस: बोट सोडल्यावर लगेच विमान, की बेटावर दोन रात्री?

वैशाली, त्रिमूर्तीनगर

नमस्कार मंडळी. जुलैत आम्ही दोघं इक्वेडोरच्या गॅलापागोस बेटांवर निघालोय. 16 प्रवाशांची लहान बोट, आठवडाभर एकेक बेट, रोज मास्क आणि नळी लावून स्नॉर्केलिंग. तयारी बरीचशी झाली, अडलंय ते शेवटाशी. बोट आम्हाला सॅन क्रिस्तोबाल बेटावर उतरवते. आदल्या दिवशी किकर रॉक या समुद्रातल्या सुळक्यांपाशी शेवटचं स्नॉर्केलिंग आणि शेवटच्या सकाळी कागदावर इतकंच: नाश्ता, माहिती केंद्र, विमानतळ. मुलगा म्हणतो, त्याच दुपारी मुख्य भूमीवरच्या ग्वायाकिलचं विमान धरा, पुढे माद्रिद, मुंबई, नागपूर एवढा पल्ला आहे. ह्यांचं म्हणणं, माहिती केंद्र सोडून बंदरावर निवांत बसू. मला मात्र तिथून असं घाईघाईनं निघवणार नाही. पन्नाशीनंतर पोहायला शिकले ती याच सहलीसाठी. कुणी जाऊन आलंय का? दोन रात्री वाढवल्या तर बघायला काही उरतं का?

निखिल, सदर

ताई, दोन कामाच्या गोष्टी सांगतो. पाठीला हवेची टाकी लावून स्कूबा केलं असतं तर विमानाआधी 18 तास तरी थांबावं लागलं असतं. स्नॉर्केलिंग पाण्याच्या वरवर असतं, त्याला ही अट नाही. म्हणजे त्यासाठी मुक्काम वाढवायची गरज नाही.

दुसरी गोष्ट लोक फार विसरून राहिले आहेत. इक्वेडोर पीतज्वराच्या (यलो फीव्हर) देशांच्या यादीत आहे. भारतात उतरताना लसीचं पिवळं कार्ड मागतात, नसेल तर विलगीकरणात ठेवू शकतात. लस घेतल्यावर 10 दिवसांनीच ते ग्राह्य धरतात, त्यामुळे शेवटच्या आठवड्यावर टाकू नका. काकांचं वय साठीच्या पुढे असेल तर लसीआधी डॉक्टरांशी बोलून घ्या. आणि कार्ड पासपोर्टसोबतच ठेवा.

मीरा, शंकरनगर

वैशालीताई, मी जाऊन आले आहे. माझं मत सरळ आहे: थांबा. आणि थांबा किंवा नका थांबू, माहिती केंद्र अजिबात सोडू नका.

शेवटच्या सकाळी बोटीवर काय होतं ते सांगते. मास्क आणि फिन्स आदल्या संध्याकाळीच धुऊन परत दिलेले असतात. टिपांची पाकिटं दिलेली असतात, गाइडचं वेगळं, बाकी कर्मचाऱ्यांचं वेगळं. नाश्त्याआधी बॅगा खोलीबाहेर. माणसं मनानं केव्हाच घरी पोचलेली असतात, म्हणून केंद्रातून दहा मिनिटांत बाहेर पडतात. मला याचं मनापासून वाईट वाटतं. मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत असे, आणि त्या सगळ्या सहलीत मुलांना दाखवावी अशी एकच जागा निवडायला सांगितली तर मी हे केंद्र निवडेन.

आठवडाभर तुम्ही काय बघता? निळ्या पायांचा बूबी पक्षी वाटेतच बसलेला, समुद्री इग्वाना सरडा नाकातून मिठाचं पाणी फुर्रकन उडवतोय, सी लायनचं पिल्लू पाण्यात तुमच्याभोवती गिरक्या घेतंय. वाटतं, हे असंच पहिल्यापासून राहिलेलं आहे. तसं नाही. महाकाय कासवं महिनोन्महिने अन्नपाण्याशिवाय जगतात, म्हणून खलाशी ती जिवंतच जहाजाच्या तळात रचून न्यायचे, लागेल तसं मांस. मग आल्या शेळ्या. पिंटा बेटावर 1959 च्या सुमारास सोडलेल्या मोजक्या शेळ्यांनी पुढे सगळं बेट ओरबाडलं. तिथलं शेवटचं कासव, लोनसम जॉर्ज, 2012 साली गेलं आणि त्याबरोबर ती जातच संपली. इसाबेला आणि सॅंतियागो बेटांवरून शेळ्या हटवायला हेलिकॉप्टर वापरावं लागलं. उरल्यासुरल्या शेळ्या सापडेनात, तेव्हा काही शेळ्यांच्या गळ्यात रेडिओ कॉलर बांधून सोडल्या. शेळी कळपाशिवाय राहत नाही, ती बाकीच्यांपर्यंत घेऊन जायची.

एस्पान्योला बेटावर तर फक्त 14 कासवं उरली होती. ती उचलून पैदास केंद्रात आणली, अमेरिकेतल्या सॅन दिएगोच्या प्राणिसंग्रहालयातून दिएगो नावाचा नर परत मागवला, पिल्लं वाढवून बेटावर सोडत राहिले. 2020 साली ती 14 आणि दिएगो, अशी पंधराही जणं आपल्या बेटावर परत गेली. ताडोबाहून आल्यावर आपण एकमेकांना वाघ दिसला का एवढंच विचारतो ना, तसं इथे करू नका. प्राणी बघितलेत, आता ते कुणी आणि कसे राखले हेही माहिती केंद्रात बघा.

दोन रात्रींत काय कराल? माहिती केंद्रामागूनच तिखेरेतास टेकडीची पायवाट निघते, फ्रिगेट पक्षी तिथे असतात. डार्विन 1835 च्या सप्टेंबरात या द्वीपसमूहात पहिल्यांदा उतरला तो याच सॅन क्रिस्तोबाल बेटावर, वाटेत त्याचा पुतळा आहे. सेरो कोलोरादोला या बेटाच्या कासवांचं पैदास केंद्र आहे, गाडीनं अर्ध्या दिवसात होतं. संध्याकाळी ला लोबेरियाच्या किनाऱ्यावर बसा. प्राण्यांपासून 2 मीटरचं अंतर इथेही पाळायचंच. लोनसम जॉर्जचं पेंढा भरलेलं शरीर सांताक्रूझ बेटावर आहे, त्यासाठी स्पीडबोटीत दोनेक तास उसळत जावं लागतं. एवढ्या वेळात तो नाद नको.

उद्यानाचं शुल्क ऑगस्ट 2024 पासून परदेशी प्रौढांना 200 डॉलर आहे. ते येतानाच भरलेलं असतं, मुक्काम वाढवला म्हणून पुन्हा पडत नाही. शाकाहारी असाल तर भातासोबत मेनेस्त्रा मागा, डाळीचं किंवा घेवड्याचं घट्ट कालवण असतं. मांस नाही ना, तेवढं विचारून घ्या.

वैशाली, त्रिमूर्तीनगर

मीराताई, ह्यांना आत्ताच वाचून दाखवलं. शेळ्यांचं ऐकून केंद्राला यायला तयार झाले. दोन रात्री नक्की. आता एकच धाकधूक. किकर रॉकला म्हणे पाय टेकायला जागाच नाही, आणि खाली शार्क. माझं सगळं पोहणं तरणतलावातलं.

मीरा, शंकरनगर

जागा नाही, खरं आहे. समुद्रातून सरळ वर आलेले दोन सुळके आणि मधे चिंचोळी खाडी, खाली खोल पाणी. प्रवाहही असतो. शार्क दिसले तर खाली, आपल्या वाटेनं जाताना दिसतात. तिथवर पोचेपर्यंत तुमचं आठवडाभर रोजचं पोहणं झालेलं असेल, त्यामुळे नागपूरहून निघालेली वैशाली आणि तिथे उतरणारी वैशाली यांत फरक पडलेला असेल. तरी गाइडला आदल्या रात्रीच सांगून ठेवा. ते पाण्यात तुमच्या बाजूला राहतात आणि रबरी होडी मागेच फिरत असते, हात वर केला की येते. हवं तर तरंगतं जाकीट मागा, त्यात संकोच कसला. जुलैत पाणी आपल्याला चांगलंच गार लागतं, वेटसूट हवाच. तो पहिल्याच दिवशी घालून बघा आणि सैल वाटला तर तेव्हाच बदलून घ्या, कारण सैल सूटमध्ये गार पाणी शिरत राहतं.