मिरग लागायच्या आत २५ पोती

(सोसायटीचा ग्रुप, पर्वरी, गोवा. मे महिना, रविवार सकाळ)

बी-३०२ काकी: सुप्रभात मंडळी. काल मागच्या कंपाउंडकडे पाचोळा पेटवला होता. आंब्याफणसाची पानं, सहज तीन पोती भरली असती. धूर थेट आमच्या बाल्कनीत आला, नात दुपारपर्यंत खोकत होती. माळीमामांना कोणी बोलू नका. त्यांना आपण आजवर दुसरं काही सांगितलेलंच नाही. पण यापुढे एकही पान जाळायचं नाही, अशी सगळ्यांना हात जोडून विनंती.

ए-१०१ सेक्रेटरी: काकी, तुमचं खरं आहे. कायद्यानेही चालत नाही ते. राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्येच उघड्यावर कचरा जाळला तर ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणात जाळला तर २५,००० रुपये दंड ठरवलाय. पण पाचोळ्याचं करायचं काय? कचऱ्याच्या गाडीवाले घेत नाहीत.

ए-२०४: दोन आठवड्यांवर ५ जून आलाय, पर्यावरण दिन. तेव्हा कार्यक्रम ठेवूया ना? मुलांची चित्रं, रोपं लावणं, आणि त्याच दिवशी कंपोस्टची सुरुवात.

बी-३०२ काकी: बाय, चित्रं जरूर काढू दे. पण कंपोस्टला ५ जूनपर्यंत थांबलो तर वर्ष गेलं म्हणून समज. तोवर पाऊस आलेला असेल आणि पाचोळा भिजून चिखल झालेला असेल. आपल्याला हवाय तो कोरडा पाचोळा, आणि तो आत्ताच मिळतो.

थोडं सविस्तर लिहिते, वेळ काढून वाचा.

गेल्या वर्षी मी गॅलरीत बादलीत खत करून बघितलं. मेपर्यंत झकास चाललं. जून लागला आणि आठवड्यात सगळं काळं पाणी, आंबूस वास, अळ्या. शेवटी टाकून दिलं. नंतर कळलं की चूक माझीच. भाजीपाल्याच्या सालींत पाणीच जास्त असतं. त्यात बाहेरची हवा दमट. पाणी शोषायला कोरडं काही नसेल तर ढिगातली हवा कोंडते, आणि हवेशिवाय जगणारे जंतू वाढले की वास सुटतो. म्हणून एक भांडं ओल्या कचऱ्यावर एक ते दोन भांडी कोरडा पाचोळा घालायचा, दर वेळी. हवा खेळती राहिली की ढीग आतून तापतो, ५०-६० अंशांपर्यंत सुद्धा जातो, आणि अडीच-तीन महिन्यांत मातीसारखं खत होतं.

मग पावसाळ्यात रोज कोरडा पाचोळा आणायचा कुठून? आपल्याकडे चार महिन्यांत ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. एक सुकं पान हाताला लागत नाही.

माझी सासू मे महिन्यात पुरुमेंत करायची, म्हणजे पावसाळ्याची बेगमी. सुकी सुंगटां, खारें, मिरच्या, सोलां, कुळीथ, वर्षाची लाकडं, सगळं मिरग लागायच्या आत घरात. बाजार बंद झाला तरी चूल बंद पडायची नाही. तसंच करायचं. पाचोळ्याची पुरुमेंत. आता खाली सुकून पडलाय तो पोत्यांत भरून ठेवायचा आणि जून ते सप्टेंबर रोज त्यातला काढायचा.

बी-१०३: काकी, कळकळ समजते, पण प्रश्न विचारतो, राग मानू नका. साळगावला २०१६ पासून एवढा मोठा प्रकल्प आहे. ओल्या कचऱ्यापासून गॅस करतात, गॅसपासून वीज. आता रोज २५० टनांपर्यंत क्षमता वाढवलीय. आपला ओला कचरा तिकडे जातो म्हणजे वाया जात नाही. मग इथे दारात खड्डा कशाला?

बी-३०२ काकी: प्रश्न योग्य आहे भाऊ, मीही तोच विचार करत होते. प्रकल्प चांगला आहे, तो हवाच. पण गेल्या महिन्यात गाडी दोनदा आली नाही. आपल्या बादल्या उन्हात उभ्या होत्या, त्यात मानकुराद आंब्याच्या साली, गेटपाशी माश्या घोंघावत होत्या. शिवाय आपल्या बादलीत डायपर आणि दुधाच्या पिशव्या मीच बघितल्यात. तसा कचरा तिथे पोचला तर तिथल्या माणसांना हाताने निवडावा लागतो. साली इथेच जिरवल्या तर गाडीला वजन कमी, आणि जे जाईल ते नीट निवडलेलं जाईल.

आणि मासळीचा कचरा सगळा गाडीलाच द्यायचा, हे माझं ठाम मत आहे. बांगड्याची डोकी, कोलंबीच्या साली, हाडं, उरलेलं कालवण आपल्या ढिगात नको. होतं त्याचंही खत, पण मांजरं आणि उंदीर आल्याशिवाय राहत नाहीत, आणि पहिल्याच वर्षी वास आला की लोक कायमचे तुटतात. ते ओल्या कचऱ्याबरोबर साळगावला जाऊ दे.

बी-१०३: हे पटलं. मग इथे नेमकं काय?

बी-३०२ काकी: भाज्यांची देठं, फळांच्या साली, चहाचा चोथा, देवाची फुलं, अंड्याची टरफलं. फणसाची सालं बारीक चिरून. करवंटी आणि आंब्याची कोय नको, ती वर्षभर तशीच राहतात.

ए-२०४: किती होईल रोज?

बी-३०२ काकी: मी आठवडाभर वजन केलं. आम्ही चार माणसं, रोज साधारण ६०० ग्रॅम. सध्या दहा घरं तयार झाली तर रोज ६ किलो. त्याला लागणारा पाचोळा पायाने चुरडून भरला तर चार महिन्यांना २५ पोती पुरतील. तांदळाची रिकामी पोती प्रत्येकाकडे आहेत, दोन-दोन द्या.

सी-२०२ आजोबा: आमच्या वाड्यावर पाचोळा जाळायची पद्धतच नव्हती. माडाच्या आळ्यात घालायचे, गोठ्यात गुरांखाली पसरायचे. पहिल्या पावसाला तेच शेणखतात मिसळून शेतात जायचं. सोडणांसुद्धा, म्हणजे नारळाची वरची सालं, माडाच्या मुळाशी पुरायचे, पाणी धरून ठेवतात ती. माझ्याकडे नारळाची सोडणां भरपूर आहेत, चालतील का?

बी-३०२ काकी: आजोबा, ढिगाच्या अगदी तळाशी तीच घालूया. खालून हवा येते आणि पाणी निथळतं.

ए-३०१: पोती ठेवणार कुठे? मीटर रूमला लागून नको हां. सुकी पानं आहेत, एक ठिणगी पुरे. आणि तिथे आपल्या गाड्या उभ्या असतात.

ए-१०१ सेक्रेटरी: बरोबर बोललात. मीटर रूम अजिबात नाही. मागे पंपाच्या खोलीला पत्र्याची शेड आहे, तिथे ठेवू. त्या शेडमध्ये वायरिंग नाही.

सी-१०१: पावसाळ्यात साप येतील. गेल्या वर्षी गेटजवळ घोणस दिसली होती. मुलं खेळतात मागे.

बी-३०२ काकी: हीच भीती मलाही आहे. म्हणून मोकळा ढीग कुठेच नको. तोंडं बांधलेली पोती, जमिनीपासून वीतभर उंच, फळ्यांवर. पोतं काढताना हातात काठी, पायात बूट. आणि लहान मुलांना शेडमध्ये पाठवायचं नाही, हे मोठ्यांनी पाळायचं.

ए-१०१ सेक्रेटरी: खतासाठी दोन कुंड्या लागतील. कंपाउंड वॉलचं काम झालं तेव्हाचे चिरे उरलेत. फटी सोडून रचले तर सिमेंट पण लागणार नाही. एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर उंच. एक भरायची, ती कुजेपर्यंत दुसरी. वर पत्रा. मी गवंड्याला विचारतो, खर्च जास्त येणार नाही.

ए-३०१: एवढं चाललंच आहे तर आणखी एक. पोदेर, म्हणजे पाववाला, सकाळी येतो तेव्हा आपण सगळे प्लास्टिकच्या पिशवीत पाव घेतो. २४ घरं, रोज एक पिशवी, वर्षाला ८,७६० होतात. ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशवीवर बंदी आहे, पोदेराची ती त्याहून पातळच असते. दाराच्या कडीला कापडी पिशवी अडकवली की झालं, पैसे आतच ठेवायचे.

सी-२०२ आजोबा: लहानपणी तसंच होतं. पोदेराचा हॉर्न वाजायच्या आधी पिशवी कडीला.

ए-२०४: मी आजपासूनच. मासळीला डबा तर मी नेतेच, बाजारातल्या बाई आता स्वतःच विचारतात डबा कुठे म्हणून. एसी २४ वर ठेवण्याबद्दल पण लिहू का? एका अंशाला ६ टक्के वीज वाचते म्हणतात.

बी-३०२ काकी: लिही बाय, पण उद्या. आज पाचोळाच. सगळं एकदम काढलं की काहीच तडीस जात नाही. खत झाल्यावर चवथीला गणपतीच्या वर टांगलेल्या माटोळीचं सामान, फळं-भाज्या-पानं, उतरवतो ना, सुपाऱ्या आणि आंब्याच्या डहाळ्या सोडून बाकी बरंचसं त्याच कुंडीत जाईल. देवाचं निर्माल्य पाण्यात सोडण्यापेक्षा मातीत गेलेलं मला तरी बरं वाटेल.

बी-१०३: माझी दोन पोती धरा. आणि मी सकाळी लवकर उठतो, सहा ते सात मागचा भाग झाडायला माळीमामांबरोबर उभा राहीन.

सी-१०१: आमचं घर पण घ्या. फक्त डायपर वेगळे कुठे द्यायचे ते सांगा, मला खरंच माहीत नव्हतं.

ए-१०१ सेक्रेटरी: वर्तमानपत्रात गुंडाळून वेगळ्या पिशवीत, त्यावर लाल शाईने फुली मारून. गाडीवाल्याच्या हातात द्यायची, बादलीत नाही.

ए-२०४: आता किती घरं झाली?

बी-३०२ काकी: नऊ. दहावं कोण?

ए-३०१: आम्ही. पण काकी, खाली बघा. माळीमामांनी पुन्हा ढीग केलाय, काडेपेटी शोधतायत बहुतेक.

बी-३०२ काकी: उतरते. कोणीतरी दोन पोती घेऊन या पटकन.

बी-१०३: आलो.