कमाटीबाग आहे ना, मग आणखी बागा कशाला?

वाडीकर: काल इथे एकाने लिहिलं, "बडोद्याला कमाटीबाग पुरे. गल्लीबोळातल्या बागांचं पार्किंग करा, कोणाचं काही बिघडत नाही." वाचून डोकं सणकलं. कमाटीबाग सयाजीराव महाराजांनी १८७९ मध्ये केली, शंभर एकरांच्या वर आहे, सगळं मान्य. पण माझी आई ऐंशीला टेकलीय. वाडी भागातल्या घरून तिला रिक्षाने न्यायचं, बाकावर बसवायचं, परत रिक्षा शोधायची. ही बाग झाली की सहल? टीपी स्कीममध्ये, म्हणजे नगररचना योजनेत, बागेसाठी जमीन कापतात, गुजरातच्या १९७६च्या नगररचना कायद्यात त्याला पाच टक्क्यांपर्यंत तरतूद आहे, ती काय गाड्या लावायला?

गाडी लावू कुठे: तो एक मीच. आमच्या सोसायटीचा कॉमन प्लॉट हिरवागार आहे. नवरात्रात गरबा, मधे एखाद्या लग्नाचा मांडव, एरवी कुलूप. किल्ली सेक्रेटरीकडे, सेक्रेटरी मुलाकडे अमेरिकेत. माझी गाडी रस्त्यावर, आरसा कोणीतरी उडवला. काय करू त्या हिरवळीचं?

मांजलपूरची मावशी: मग कुलूप तोडा, बाग कशाला मोडता? आणि हिरवं म्हणून लावतात काय ते बघा आधी. जिकडेतिकडे कोनोकार्पस! भराभर वाढतो, फोटोत छान दिसतो. मुळं गटारात शिरतात आणि फुलोरा आला की माझा दमा उसळतो. २०२३ मध्ये सरकारने बंदी घातली तेव्हा कुठे लोकांना पटलं.

करंज: बंदी लावण्यावर आहे. आहेत ते एकदम तोडले तर मे महिन्यात बेचाळीस अंशांत उभे कुठे राहणार? आधी कडुनिंब, करंज लावा, ते वर आले की मग हा काढा. आणि दम्याचं खापर एकाच झाडावर? बडोद्यात धूळ काय कमी आहे?

मांजलपूरची मावशी: तुमच्या छातीत घरघरत नाही, म्हणून सुचतंय हे.

करंज: माझ्या मुलीलाही दमा आहे. उगाच अंगावर येऊ नका.

वाडीकर: अहो, विषय बागांचा होता!

नदीकाठचा: २०२४च्या ऑगस्टात आमच्या तळमजल्यात कमरेएवढं पाणी, बाहेर मगरीची धास्ती. समोरचं मातीचं मैदान आधी मोकळं झालं, शेजारच्या पेव्हर ब्लॉकवर पाणी तसंच तुंबून. शास्त्र मला विचारू नका, गच्चीतून बघत होतो. पार्किंग म्हणजे परत पेव्हरच ना?

गाडी लावू कुठे: पूर विश्वामित्री नदीचा. बागा कमी पडल्या म्हणून आला नाही. कमाटीबागेतही पाणी शिरलंच की!

नदीकाठचा: शिरलं, उतरलं, बाग आहे तिथे आहे. आमच्या सोफ्याचं तसं झालं नाही.

गाडी लावू कुठे: बरं बाबा, जिंकलात. राहू देत बागा. त्या किल्लीचं तेवढं बघा, गाडी आत बाकाशेजारी लावीन म्हणतो.

मांजलपूरची मावशी: लावा. वर कोनोकार्पस असेल, रोज काच पुसायला फडकं ठेवा.

करंज: झालं, परत कोनोकार्पस!