मदत हवी आहे: गाडीत मूल नसताना कुटुंबासाठीच्या पार्किंगमध्ये गाडी लावावी का?

नमस्कार मंडळी. प्रश्न छोटा आहे, पण घरात दोन दिवस त्यावरून वाद चालू आहे.

सुपरमार्केटच्या दाराजवळ लहान मुलांना घेऊन येणाऱ्यांसाठी रुंद जागा आखलेल्या असतात ना, शनिवारी मी तिथे गाडी लावली. बायकोला आठवा महिना आहे, पण गाडीत मूल नव्हतं. दोन पोरांना घेऊन जागेसाठी थांबलेल्या एक बाई म्हणाल्या, "बाळ कुठाय?" बायकोने पोटाकडे बोट दाखवलं. त्या हसल्या नाहीत.

माझं म्हणणं असं की दार पूर्ण उघडून बाळाला कारसीटमधून काढता यावं म्हणून ही जागा रुंद ठेवतात. नेहमीच्या साधारण २.५ मीटरच्या जागेत आठव्या महिन्यातल्या बाईलाही उतरताना तीच कसरत करावी लागते. बायको म्हणते, तिला दाराशी उतरवून मी गाडी लांब लावायला हवी होती. (मुद्दा बरोबर आहे, पण मी तो अजून कबूल केलेला नाही.)

दिव्यांगांच्या जागेचं वेगळं आहे, तिथे अनेक देशांत परवाना लागतो आणि दंडही होतो. ही जागा मात्र बहुतेक ठिकाणी दुकानाने आपणहून दिलेली सोय असते.

तर गरोदर बाईसाठी चालतं का? आणि मूल किती वर्षांचं होईपर्यंत तिथे लावायचं? माझी दहा वर्षांची पुतणी स्वतः दार उघडून पळत सुटते, तिच्या नावावर जागा अडवणं मला तरी पटत नाही. कोणी एकटाच तिथे गाडी लावताना दिसला, तर तुम्ही बोलता की गप्प बसता?