शिंकलं की लघवी सुटते, ऑपरेशनआधी युरोडायनॅमिक टेस्ट लागतेच का?

सातारकरीण:
वय ४७, दोन्ही डिलिव्हऱ्या नॉर्मल. चार वर्षं झाली, खोकला नाहीतर शिंक आली की लघवी सुटते, आधी थेंबभर व्हायची आता पाण्याची बादली उचलली तरी साडी बदलावी लागते. परवा पुतणीच्या हळदीत सगळ्या नाचत होत्या आणि मी गुडघा दुखतोय सांगून खुर्चीत बसून राहिले, घरी येऊन खूप रडले. घाईची मात्र लागत नाही, बाथरूमपर्यंत नीट जाते. एक डॉक्टर म्हणतात पट्टीचं ऑपरेशन करून टाकू, म्हणजे लघवीच्या नळीखाली जाळीची पट्टी बसवायची, दुसऱ्या म्हणतात आधी युरोडायनॅमिक करा, लघवीची पिशवी कशी काम करते ते बघायची टेस्ट. नळी घालतात म्हणे, भीती वाटते. आणि ती जाळी आत राहते ते सेफ असतं का?

शेवंती:
ताई, माझी झालीय ही टेस्ट. आधी मशीनच्या खुर्चीत लघवी करायची, मग लघवीच्या जागी एक बारीक नळी आणि एक मागच्या बाजूने, आणि सलाईनने लघवीची पिशवी हळूहळू भरतात, पहिल्यांदा कधी जाणवलं, कधी जावंसं वाटलं ते सांगायचं, मग खोकायला लावतात. दुखत नाही फारसं, लाज वाटते तेवढीच. दुसऱ्या दिवशी थोडी जळजळ झाली. पण मला घाईचाही त्रास होता, ग्राफमध्ये दिसलं की पिशवी आपोआप आवळतेय, म्हणून ऑपरेशन थांबवून आधी गोळ्या दिल्या.

फिजिओ_कोल्हापूर:
शेवंतीताईंची केस वेगळी, तुमची वेगळी. फक्त खोकल्या-शिंकेला गळत असेल, डॉक्टरांनी खोकायला लावून गळताना स्वतः पाहिलं असेल, लघवी झाल्यावर पिशवीत फार उरत नसेल, अंग बाहेर आलेलं नसेल आणि आधी असं ऑपरेशन झालेलं नसेल तर टेस्ट सहसा लागत नाही. अमेरिकेत ६३० बायकांवर अभ्यास झाला होता, २०१२ साली छापून आला, टेस्ट करून आणि न करता, वर्षाने गुण आलेल्यांचं प्रमाण दोन्हीकडे ७७ टक्क्यांच्या आसपासच होतं. पण घाई, अर्धवट लघवी किंवा आधीचं ऑपरेशन असेल तर टेस्ट कराच.

जाळीची भीती खोटी नाही. पट्टी पॉलिप्रॉपिलीनची असते, बऱ्याच जणींना छान गुण येतो, पण काहींना ती योनीत उघडी पडते, दुखत राहतं, लघवी अडते, आणि काढणं सोपं नसतं. ब्रिटनमध्ये २०१८ ला याच तक्रारींमुळे वापर थांबवला होता. स्वतःच्याच पोटाच्या स्नायूंवरच्या पडद्याची पट्टी किंवा टाके घालून पिशवीची मान वर धरून ठेवायचं बर्च ऑपरेशन हेही पर्याय आहेत, डॉक्टरांना स्पष्ट विचारा. पण त्याआधी ३ महिने व्यायाम केलात का? लघवी मध्येच रोखताना जे स्नायू आवळतात तेच ओळखून आवळायचे, एका वेळी निदान ८ दा, दिवसातून ३ वेळा. पोट, मांड्या आवळायच्या नाहीत, श्वास धरायचा नाही. आणि रोज लघवी करताना रोखून बघत बसू नका, ते एकदा ओळखण्यापुरतंच.

सातारकरीण:
व्यायाम कुणी सांगितलाच नव्हता हो! आणि खोकून दाखवा असंही दोघींपैकी एकीनेही म्हटलं नाही, नुसतं ऐकून ऑपरेशन. आज रात्रीपासूनच सुरू करते. शेवंती, टेस्टच्या वेळी खोलीत बाईच होती का गं?

शेवंती:
हो, सिस्टरच होत्या. मी आधी फोन करून विचारलं होतं, तुम्हीही विचारा.