कॉन्सर्टाऐवजी जेनेरिक मिळालं, दुपारनंतर असर टिकत नाही

एडिसनकर: आम्ही अमेरिकेत. मुलगा १० वर्षांचा, एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलता), त्यासाठी कॉन्सर्टा (मिथाइलफेनिडेटची ब्रँडेड गोळी) ३६ मिग्रॅ चालू होतं. या महिन्यात फार्मसीने 'मिथाइलफेनिडेट ईआर ३६' (ईआर म्हणजे औषध हळूहळू सोडणारी गोळी) हे जेनेरिक दिलं, गोळी वेगळीच दिसते. सकाळी ७ ला घेतली की २-३ पर्यंत ठीक, गृहपाठाच्या वेळी काहीच उरत नाही. फार्मासिस्ट म्हणतो, एकच आहे. जेनेरिकमध्ये २०% कमी औषध चालतं म्हणे, खरं का? आणि पुण्याहून मागवता येईल का?

गोळीवाला: २०% ची गोष्ट चुकीची. गोळीत ३६ मिग्रॅच असतं. ८० ते १२५% ही मर्यादा मूळ गोळी आणि जेनेरिक यांच्या रक्तातल्या पातळीच्या तुलनेसाठी आहे, आणि ९०% कॉन्फिडन्स इंटरव्हल (चाचणीतल्या सरासरीच्या अंदाजाचा खालचा-वरचा पल्ला) पूर्ण तिच्या आत बसावा लागतो. म्हणजे सरासरी १०० च्या जवळपासच हवी.

पण कॉन्सर्टाचं दुखणं निराळं आहे. इथे किती औषध यापेक्षा ते कधी सुटतं हे महत्त्वाचं. २२% औषध बाहेरच्या थरातून लगेच मिळतं. उरलेलं ७८% आत असतं: पाणी शिरलं की तळचा थर फुगतो आणि लेझरने पाडलेल्या भोकातून औषध हळूहळू बाहेर ढकलतो, तेही दुपारकडे वाढत्या वेगाने. एकूण औषध आणि सर्वोच्च पातळी जुळूनही संध्याकाळचा भाग कमी पडू शकतो. नेमकं हेच झालं होतं. नोव्हेंबर २०१४ मध्ये एफडीएने (अमेरिकेची औषध नियामक संस्था) मॅलिनक्रॉट आणि कुडको या कंपन्यांच्या जेनेरिकचा दर्जा एबीवरून (मूळ गोळीऐवजी चालेल) बीएक्स (तसं सिद्ध नाही) केला, कारण काही जणांत ७ ते १२ तासांच्या टप्प्यात औषध सावकाश मिळत होतं. त्यानंतरच्या मार्गदर्शनात ०-३, ३-७ आणि ७-१२ तास असे तुकडे वेगवेगळे जुळवायला सांगितलं. तेव्हा तुमची शंका अगदीच हवेतली नाही.

केमिस्टताई: आधी बाटलीवरचा उत्पादक वाचा. मग एफडीएच्या ऑरेंज बुकमध्ये (मंजूर औषधांची यादी) त्या कंपनीच्या गोळीसमोरचा टीई कोड, म्हणजे एबी-बीएक्सचा दर्जा, बघा. बीएक्स असेल तर फार्मसीने आपणहून बदलून द्यायलाच नको होती. एबी असेल तर कायद्याने चालते, तरी मुलाला मानवत नसेल तर डॉक्टरांना सांगायचंच. गोळीवर 'अल्झा ३६' छापलेलं असेल तर ती मूळचीच गोळी, लेबल कोणाचंही असो. अशा अधिकृत जेनेरिकबद्दल (मूळचीच गोळी, जेनेरिक लेबलखाली) फार्मसीत नाव घेऊन विचारा.

आठवडाभर गोळीची वेळ, असर ओसरल्याची वेळ, भूक, झोप लिहून ठेवा. शिक्षकांचंही मत घ्या. त्या नोंदीवर डॉक्टर 'ब्रँडच द्या' असं लिहू शकतात. विम्याची पूर्वपरवानगी बहुधा लागेल. औषध शेड्यूल २ मध्ये (अमेरिकेतली कडक नियंत्रणाची यादी) असल्याने रिफिल, म्हणजे त्याच प्रिस्क्रिप्शनवर पुन्हा औषध, नसतो, म्हणून नवीन प्रिस्क्रिप्शन पाठवण्याआधीच कोणत्या दुकानात काय आहे ते फोनवर ठरवा. उरलेल्या गोळ्या मोडून किंवा दुपारी आणखी एक देऊन भरपाई करू नका. मोडली की सगळी यंत्रणाच गेली.

गोळीवाला: पुण्याचं डोक्यातून काढा. भारतात मिथाइलफेनिडेट शेड्यूल एक्स या कडक नियंत्रणाच्या यादीत आहे, प्रिस्क्रिप्शनच्या दोन प्रती लागतात आणि एक दुकानदार दोन वर्षं जपतो. कुरिअरने पाठवणं दोन्हीकडे गुन्हा. शिवाय तिथली 'एसआर' (औषध सावकाश सोडणारी) गोळी म्हणजे कॉन्सर्टा नव्हे, बारा तासांची अपेक्षा तिच्याकडून ठेवू नये.

केमिस्टताई: आणि शौचात गोळीचं रिकामं कवच दिसलं तर घाबरू नका. कॉन्सर्टाचं कवच विरघळत नाही.