जुन्या कवितेसाठी जुने शब्द आधी शिकवावेत का?

खानापूरच्या बाई
मी कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यात मराठी शाळेत शिकवते. परवा पसायदान संपल्यावर पाचवीतल्या मुलीनं विचारलं, "बाई, व्यंकटी कोण?" आमच्या गावात व्यंकटी नावाचे दोघं आहेत, त्यामुळं 'जे खळांची व्यंकटी सांडो' यातला व्यंकटी तिला माणूसच वाटला. आणि सांडणं म्हणजे तिच्या लेखी दूध सांडणं. व्यंकटी म्हणजे वाकडेपणा, सांडो म्हणजे सुटून जावो, हे सांगितल्यावर ती थोडी थांबली. "म्हणजे वाईट माणूस मरू दे असं नाही. त्याचा वाईटपणाच जाऊ दे?" दीड वर्ष ती पसायदान रोज म्हणत होती!
म्हणून माझं ठाम मत, शब्द आधी शिकवा. येर (इतर), नातरी (किंवा), पुढती (पुन्हा), निकें (चांगलं), वोखटें (वाईट) हे ज्ञानेश्वरीत सारखे येतात. अशा पन्नासेक शब्दांची वही केली तर मूल ओवी वाचायला घाबरणार नाही.

शहापूरकर
बाई, तुमची तळमळ कळते, पण वहीला माझा विरोध आहे. इथल्या मुलांच्या डोक्यावर कन्नड, इंग्रजी, हिंदीचे शब्दार्थ आहेतच. त्यात आणखी एक यादी आली की ओवी गणितासारखी नकोशी होईल. माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती, तरी हरिपाठ सगळा तोंडपाठ. शब्द कानातून आत जाऊ द्यात, अर्थ मागून येतो.

खानापूरच्या बाई
तुमच्या आजींच्या घरात कीर्तन-भजन होतं, शब्द रोज कानावर पडत होते. माझ्या वर्गातल्या बहुतेक मुलांच्या घरी ते राहिलेलं नाही. आणि अर्थ मागून येतो म्हणता, त्या मुलीला दीड वर्षात आला नव्हता.

निपाणीचा वाचक
मला वहीची वेगळीच भीती वाटते. यादीत एका शब्दापुढं एकच अर्थ लिहिला जातो. 'कानडा हो विठ्ठलु कर्नाटकु' घ्या. आपण सीमाभागातले लोक हा अभंग अभिमानानं म्हणतो, विठोबा आपल्याकडचा, कानडी मुलखातला. पण जुन्या मराठीत कानडा म्हणजे आकळायला अवघड असाही अर्थ आहे, आणि कर्नाटकु म्हणजे नाना लीला करणारा असंही काही अभ्यासक लावतात. पुढं 'शब्देंविण संवादु' येतं ते या अर्थाशी किती जुळतं बघा. मला दोन्ही अर्थ हवेत. एकावर फुली मारायला लावणारी वही नको.
शिवाय पन्हाळ्यावर जन्मलेल्या मोरोपंतांच्या आर्या वाचताना ही वही उपयोगी पडणार नाही. तिथं संस्कृत समास फोडता यावे लागतात. ते काम निराळं.

शहापूरकर
आणि मोठ्या मुलांना कोशाकडं पाठवावं, तर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (दुसरी आवृत्ती १८५७) असो की तुळपुळे-फेल्डहाऊस यांचा जुन्या मराठीचा कोश (१९९९), अर्थ इंग्रजीत. खेड्यातल्या पोरानं काय करायचं?
आपल्या शेजाऱ्यांचं बघा की. कन्नडमध्ये गमक आहे. एकजण कुमारव्यास या जुन्या कन्नड कवीचं भारत (महाभारत) रागात गातो, दुसरा लगेच त्याचा अर्थ उलगडतो. हळगन्नड (जुन्या कन्नड) मधलं किंवा कुठलंही जुनं काव्य ऐकणाऱ्याला आधी सूर मिळतो, मग शब्द. आपण हे का करू नये?

खानापूरच्या बाई
गमकाचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे, सर. तिथं अर्थ सांगणारा माणूस गाणाऱ्याच्या शेजारी बसलेला असतो. आमच्या शाळेत पसायदान होतं आणि मुलं रांगेनं वर्गात जातात, मध्ये कुणी थांबतच नाही. सोमवारपासून मी रोज एका ओळीवर थांबणार. म्हणायचं आधी, शब्द नंतर, हे तुमचं मान्य. वही मात्र राहील. निपाणीकर, तुमच्या सांगण्यावरून अर्थाला दोन रकाने आखलेत, आणि 'कानडा' पहिल्या पानावर घेतलाय.