मदत हवी आहे: जपानमधलं ताकायामा, दोन रात्री, शिराकावागो कधी करावे?

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात नागोयाहून 'हिदा' एक्स्प्रेसने दुपारी ताकायामाला पोहोचतोय. दोन रात्री मुक्काम, तिसऱ्या दिवशी बसने कानाझावा. सोबत आई, वय ७०. सपाटीवर आरामात चालते, पण जिने आणि चढ गुडघ्यांना झेपत नाहीत. सान्माचीतल्या जुन्या गल्ल्या आणि मियागावाकाठचा सकाळचा बाजार बसवलाय, अडलंय ते मधल्या दिवसावर.

एक तर त्या दिवशी शिराकावागो (गवती छपरांच्या जुन्या घरांचं गाव) जाऊन-येऊन करायचं: बस एका बाजूने साधारण ५० मिनिटं, सामान हॉटेलवर. नाहीतर शिराकावागोला कानाझावाच्या वाटेत तीन तास उतरायचं आणि मधला दिवस डोंगरावर नेणाऱ्या शिनहोताका रोपवेला द्यायचा. मला दुसरं पटतंय, कारण तीच बस दोनदा धरावी लागत नाही. मात्र सोबत दोन २८ इंची बॅगा आहेत, आणि रोपवेच्या वरच्या स्टेशनावर, २१५६ मीटरवर, ढग बसले तर दिवस फुकट. देशभराचा जपान रेल पास या बसना चालत नाही, हे हिशोबात धरलंय. गाडी भाड्याने घेणार नाही.

अलीकडे जाऊन आलेल्यांनी सांगा: शिराकावागोच्या बस टर्मिनलवर एवढ्या मोठ्या बॅगा ठेवून घेतात का? आणि रोपवेच्या वरच्या स्टेशनातून गच्चीवर जायला जिन्याशिवाय वाट आहे का?